अवजड यंत्रांसाठी भक्कम स्टँड : घरगुती कार्यशाळेतील एक प्रकरण

ग्राइंडर चालू होतो याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती ग्राइंडर चालतो याबद्दल. माझ्या थोरल्या मेहुण्यांनी घराच्या मागच्या खोलीत एक छोटी कार्यशाळा थाटली आहे. तिथला आठ इंची चाकांचा बेंच ग्राइंडर, म्हणजे हत्यारांना धार लावायचे यंत्र, बटण बंद केल्यावर, चाके थांबेपर्यंतच्या मिनिटाभरात, स्टँडसकट फरशीवरून थोडा थोडा पुढे सरकत असे. मेहुण्यांनी स्टँडच्या पायांभोवती खडूने रेघ आखून ठेवली होती आणि आठवड्याच्या शेवटी पाय त्या रेघेपासून वीतभर पुढे आलेले असत. याच सुमारास त्यांनी ४२ किलो वजनाचे बेंच ड्रिल मशीन घेतले. ते खोक्यातून काढून जमिनीवर ठेवले होते आणि ते कशावर बसवायचे हा प्रश्न होता. त्याखेरीज १४ किलोचा एक व्हाइस, म्हणजे काम जबड्यांत घट्ट पकडणारा शिकंजा, तोही कुठे तरी पक्का करायचा होता.

मेहुण्यांचे गणित सरळ होते. ग्राइंडरच्या स्टँडवर १०० किलो क्षमतेची चिकटपट्टी होती आणि ग्राइंडरचे वजन जेमतेम १८ किलो होते. "शंभर किलोचा स्टँड अठरा किलोला डगमगतो, तर मग अडीचशे किलोचा शोधायला हवा, नाही का?" असे त्यांनी मला विचारले. तसा एक स्टँड त्यांनी हेरूनही ठेवला होता आणि तिन्ही यंत्रे त्या एकावरच बसवावीत असा त्यांचा बेत होता. मी नको म्हटले, तेव्हा त्यांना ते पटले नाही. आणि पटवायला माझ्याकडेही त्या क्षणी एका वाक्याच्या पलीकडे काही नव्हते. ते वाक्य असे, की चिकटपट्टीवरचा आकडा वजन पेलण्याचा आहे आणि आपली अडचण वजन पेलण्याची नाहीच.

आकडा कशाचा

स्टँडवर छापलेली क्षमता बहुधा सरळ खाली येणाऱ्या, स्थिर भाराची असते. दीड मिलिमीटर जाडीचा पत्रा काटकोनात दुमडून केलेले चार पाय असा भार सहज पेलतात, कारण पत्र्याला उभ्याने दाबून चेपायला फार मोठे बल लागते. परंतु कार्यशाळेतील यंत्र स्टँडला फक्त खाली दाबत नाही. ग्राइंडर त्याला हलवतो, ड्रिल खाली उतरवायचा हाताचा दांडा खेचताना तो मागेपुढे ओढला जातो, आणि व्हाइसमध्ये पाइप वाकवताना तर सगळा जोर आडवाच लागतो. या आडव्या बलाला स्टँड किती दाद देतो, हे क्षमतेच्या आकड्यावरून कळत नाही. चार पाय आणि वर एक फळी, एवढ्यावरच उभी असलेली चौकट आडव्या जोराने काटकोन सोडून तिरकी होते. काडेपेटीच्या बाहेरच्या कवचाला बोटाने बाजूने ढकलले की ते जसे कलते, तसेच. आत पेटी असेल तर मात्र ते कलत नाही. पुढे आम्हाला जो उपाय लागू पडला, तो या काडेपेटीतच होता. पण तिथवर पोहोचायला दोन रविवार गेले.

नुसत्या हाताने हलवून "डगमगतो" म्हणण्यापेक्षा मोजावे, म्हणून आम्ही एक ताणकाटा, म्हणजे ओढीचा जोर किलोत दाखवणारा काटा, घेतला. ग्राइंडर जिथे बोल्टने बसवला होता त्या फळीला दोरी बांधून १० किलोच्या ओढीने ती बाजूला खेचली आणि शेजारी दुसऱ्या आधाराला पकडून ठेवलेल्या पोलादी पट्टीवर फळी किती सरकते ते पाहिले. ती १४ मिलिमीटर सरकली. शंभर किलो पेलणारा स्टँड दहा किलोच्या आडव्या ओढीने जवळजवळ दीड सेंटिमीटर झुकतो, हे पट्टीवर दिसल्यानंतर मेहुण्यांनी अडीचशे किलोच्या स्टँडचा विषय पुन्हा काढला नाही.

त्याच वेळी आणखी एक साधी चाचणी केली. वर्तमानपत्राच्या कागदाची एक पट्टी प्रत्येक पायाखाली सरकवून पाहिली. तीन पायांखाली ती गेली नाही. चौथ्याखाली मात्र सहज आरपार गेली. खोलीतल्या मोरीकडे फरशीला उतार आहे आणि तिथे लाद्याही एका पातळीत नाहीत, त्यामुळे स्टँड मुळात तीनच पायांवर उभा होता आणि चौथा पाय हवेत लटकून होता. चाके फिरत असताना भार या पायावरून त्या पायावर झुलत राहायचा आणि दर झोक्याला स्टँड किंचित पुढे सरकायचा. 'चालण्या'चे अर्धे कारण इथे सापडले.

दोष स्टँडचा की चाकाचा

उरलेल्या अर्ध्या कारणासाठी ग्राइंडरकडेच पाहावे लागले. सहसा इथेच चूक होते. यंत्र हलते आहे, म्हणजे आधार कच्चा आहे, असे गृहीत धरून माणूस आधार बदलत राहतो आणि हलवणारे मूळ तसेच राहते. अशा ग्राइंडरमधली दोन ध्रुवांची, म्हणजे चुंबकीय ध्रुवांच्या एकाच जोडीची, मोटर ५० हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला साधारण २,८५० ते २,९०० फेरे करते. ६० हर्ट्झवर साधारण ३,४५०. मिनिटाला २,८८० फेरे धरले तर सेकंदाला ४८ फेरे होतात. या वेगाला चाकाच्या परिघाजवळ, केंद्रापासून १० सेंटिमीटरवर, एका बाजूला फक्त ५ ग्रॅम वजन जास्त असले, तर त्यामुळे निर्माण होणारे बल जवळजवळ ४५ न्यूटन, म्हणजे साडेचार किलो वजनाइतके होते, आणि त्याची दिशा सेकंदाला ४८ वेळा पूर्ण फिरते. पाच ग्रॅम म्हणजे एखादे नाणे. साडेचार किलोच्या जोराने कोणी सेकंदाला ४८ वेळा चारी बाजूंनी ढकलतो आहे अशी कल्पना केली, तर चांगल्या स्टँडनेही किती आणि का सोसावे, असा प्रश्न पडतो.

म्हणून वायर काढून दोन्ही चाके उतरवली आणि मग वायर परत लावून नुसती मोटर चालवून पाहिली. ती इतकी शांत चालली, की पुन्हा पुन्हा हात लावून पाहावेसे वाटले. म्हणजे मोटरचा दांडा आणि बेअरिंगे ठीक होती. दोष चाकांत किंवा ती बसवण्याच्या पद्धतीत होता. उजव्या चाकाचे भोक दांड्याच्या जवळजवळ दुप्पट व्यासाचे होते आणि मधली जागा भरून काढण्यासाठी एकात एक बसणारी प्लास्टिकची कडी वापरलेली होती. त्यांतले एक कडे इतके सैल होते, की चाक बोटाने वरखाली हलत होते. नट आवळताना ते ज्या जागी असेल तिथेच पकडले जायचे आणि मग केंद्र सोडून फिरायचे. घट्ट बसणारी धातूची बुश, म्हणजे भोक आणि दांडा यांच्यामधली नळी, करून घेतली, चाक आणि त्याला दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या तबकड्या (फ्लँज) यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याच्या चकत्या आहेत याची खात्री केली, आणि चाके परत चढवण्याआधी ती बोटावर टांगून स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच वाजवून पाहिली. धड चाक खणखणीत वाजते. तडा गेलेले बद्द वाजते आणि ते पुन्हा चढवायचे नसते. दोन्ही चाके खणखणीत वाजली. ती बसवून, त्यांच्यावरचे संरक्षक कवच (गार्ड) लावून, बाजूला उभे राहून मिनिटभर रिकामी चालवली आणि मग ड्रेसरने, म्हणजे चाक घासायच्या हत्याराने, त्यांचा परीघ घासून गोल केला. उजव्या चाकाच्या एका बाजूचा बराच भाग झडल्यानंतरच ड्रेसरचा आवाज सलग येऊ लागला. तोवर तो तुटक तुटक, दर फेऱ्याला एकदाच लागत होता. शेवटी हत्यार टेकवायच्या पट्टीचे चाकापासूनचे अंतर ३ मिलिमीटरच्या आत आणले, कारण चाक घासले की ते अंतर वाढते आणि त्या फटीत काम अडकण्याचा धोका असतो.

एवढ्याने थरथर निम्म्याहून कमी झाली. ती संपली मात्र नाही, आणि जी उरली ती विचित्र वागत होती.

बशीतले छर्रे

पूर्ण वेगाने चालताना ग्राइंडर आता बऱ्यापैकी शांत होता, पण बटण बंद केल्यावर काही वेळाने त्याला जणू हुडहुडी भरायची आणि पुन्हा तो शांत व्हायचा. नेमके केव्हा हे पाहण्यासाठी मेहुण्यांनी एका जुन्या बेअरिंगमधले चार छर्रे एका खोलगट बशीत टाकून ती बशी स्टँडच्या फळीवर, ग्राइंडरच्या मागे ठेवली. पूर्ण वेगाला छर्रे बशीच्या तळाशी जागच्या जागी बारीक थरथरत होते. बटण बंद केले. दहा सेकंद काहीच नाही, पंधरा सेकंद नाही; आणि विसाव्या सेकंदाच्या आसपास ते एकदम खुळखुळू लागले, एक छर्रा तर बशीच्या काठावरून उडून मोटरच्या मागे गेला. सात-आठ सेकंद हा गोंधळ चालला. मग चाके अजून फिरत असतानाच छर्रे पुन्हा तळाशी गोळा झाले.

याचा अर्थ स्पष्ट होता. प्रत्येक स्टँडला, त्याच्यावरच्या यंत्रासकट, स्वतःची अशी एक झुलण्याची लय असते. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्का दिला तर लहान मूलही तो उंच नेते आणि लय चुकवून दिलेला मोठा धक्काही वाया जातो. ग्राइंडरचा वेग उतरत असताना एका टप्प्यावर तो स्टँडच्या लयीशी जुळत होता आणि तेवढे सात-आठ सेकंद अनुनाद होऊन स्टँड जोरात झुलत होता. स्टँड फरशीवर सरकायचा तो मुख्यतः याच काळात. स्टँड जितका लवचीक, तितकी त्याची लय संथ. आणि ती यंत्राच्या चालू वेगापेक्षा कमी असली, की सुरू होताना एकदा आणि थांबताना एकदा, असे दोनदा तिच्यातून जावेच लागते. सुरू होताना मोटर झपाट्याने वेग घेते, म्हणून ते जाणवत नाही. थांबताना चाके रेंगाळतात आणि स्टँडला झुलायला पुरेसा वेळ मिळतो.

इथे माझ्याकडून एक चूक झाली, ती नोंदवली पाहिजे. थरथर म्हटले की रबर, या सवयीने मी चारही पायांखाली २५ मिलिमीटर जाडीचे मऊ रबराचे ठोकळे ठेवायला सुचवले. ते ठेवताच सरकणे थांबले आणि त्या दिवशी आम्ही दोघेही खूश होतो. दुसऱ्या दिवशी मेहुण्यांनी छिन्नीला धार लावायला घेतली, तेव्हा छिन्नी टेकवताच सगळा स्टँड मागे झुकला आणि हात काढताच पुढे आला. धार काही नीट लागेना. बशी ठेवून पाहिली, तर छर्रे पूर्वीपेक्षा उशिरा, पण अधिक वेळ उडत होते. मऊ रबराने थरथर फरशीत जाण्याची थांबली होती, परंतु अरुंद पायाच्या उंच स्टँडला त्याने जणू स्प्रिंगांवर उभे केले होते. रबर त्याच्या जागी उपयोगी असते, उदाहरणार्थ रुंद, बसक्या यंत्राखाली. जिथे माणूस हाताने जोर लावून काम करतो आणि स्टँड कमरेएवढा उंच आहे, तिथे ते घातक ठरते. ठोकळे काढले आणि त्याऐवजी पकड मिळावी एवढ्यासाठी ५ मिलिमीटरच्या कडक रबराच्या चकत्या लावल्या.

मग काडेपेटीची आठवण झाली. पत्र्याच्या स्टँडच्या मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या उघड्या चौकटींवर १२ मिलिमीटर जाडीचे प्लाय कापून, दर १० सेंटिमीटरवर स्क्रू मारून पक्के केले. पुढची बाजू पाय आत घेता यावा म्हणून मोकळी ठेवली, फक्त तिच्या वरच्या दोन कोपऱ्यांत तिकोनी पट्ट्या लावल्या. चौकटीला तिरके व्हायचे असेल तर आता अख्ख्या प्लायला त्याच्या पातळीतच तिरके व्हावे लागते आणि प्लाय त्याला तयार नसतो. खालच्या फळीवर कोरड्या वाळूच्या दोन पिशव्या, मिळून २५ किलोच्या, ठेवल्या. चौथ्या पायाला उंची कमीजास्त करता येणारा बोल्ट लावून तो फरशीला टेकवला.

एक शंका मला होती आणि ती रास्त होती. स्टँड ताठ केल्याने त्याची लय जलद होते. ती नेमकी ग्राइंडरच्या चालू वेगापाशी, सेकंदाला ४८ च्या आसपास, येऊन थांबली असती तर थांबतानाचा आठ सेकंदांचा त्रास कामाच्या सगळ्या वेळेचा झाला असता. हे कागदावर काढण्यापेक्षा बशी ठेवून पाहणे सोपे होते. पूर्ण वेगाला छर्रे जवळजवळ निश्चल राहिले. थांबताना त्यांनी थोडी कुजबुज केली, उडी मारली नाही. प्लायच्या जोडांतले आणि वाळूच्या कणांमधले घर्षण हालचालीची ऊर्जा खाऊन टाकते, त्याचाही यात वाटा असावा. ताणकाट्याने पुन्हा १० किलोची ओढ दिली, तेव्हा १४ मिलिमीटरच्या जागी २ मिलिमीटर आले. नवा स्टँड घेण्याचे कारणच उरले नाही. जो टाकून द्यायचा होता तोच कामाला आला.

ड्रिल मशीनचे वेगळे दुखणे

ड्रिल मशीनची गोष्ट निराळी. ते हळू फिरते, फारसे थरथरत नाही. पण त्याचे सगळे वजन डोक्यात असते. मोटर, पुली, ओतीव डोके हे सर्व वर आणि खाली जेमतेम २५ बाय ४० सेंटिमीटरचा तळ. जमिनीवर ठेवलेले ते यंत्र मेहुण्यांची मुलगी जाता जाता हात टेकून उभी राहिली तेव्हा मागे कलले होते, हे मला नंतर कळले. त्यामुळे इथे आधी तोलाचा विचार केला.

यंत्राचा गुरुत्वमध्य त्याच्या तळापासून साधारण ४५ सेंटिमीटरवर धरला. ते ग्राइंडरसारख्याच, ७० सेंटिमीटर उंचीच्या, ३८ सेंटिमीटर चौरस पायाच्या ९ किलोच्या स्टँडवर ठेवले, तर एकूण वजन ५१ किलो होते आणि एकत्रित गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे १०१ सेंटिमीटर उंच जातो. ड्रिलचे डोके जमिनीपासून १४० सेंटिमीटरवर येते. त्या डोक्याला आडवी ओढ दिली तर स्टँडचा एक बाजूचा पाय उचलला जाण्यासाठी किती जोर लागेल? एकूण वजन गुणिले पायाची अर्धी रुंदी भागिले ओढीची उंची, म्हणजे ५१ गुणिले १९ भागिले १४०: सात किलोहूनही कमी. आणि एकदा उचलला गेला की साडेदहा अंशांच्या आसपास कलताच यंत्र परत येत नाही, आडवेच होते. बिट, म्हणजे भोक पाडणारे पाते, कामात अडकून यंत्र हिसका देते तेव्हा किंवा हाताचा दांडा जोराने खेचताना सात किलो म्हणजे काहीच नाही.

या हिशेबात एक बारकावा आहे, जो माझ्याही लक्षात उशिराच आला. पाय उचलला जाण्यासाठी किती जोर लागतो, हे वजनावर आणि पायाच्या रुंदीवर ठरते. गुरुत्वमध्य किती उंच आहे याचा त्यात संबंध येत नाही. गुरुत्वमध्याची उंची ठरवते ती पुढची गोष्ट, म्हणजे कलल्यानंतर यंत्र सावरून परत येईल की नाही. म्हणून स्टँडवर कुठेही वजन ठेवले तरी पहिला फायदा मिळतो, पण दुसरा फायदा मिळवायचा तर ते तळाशीच ठेवावे लागते.

पर्याय बरेच पाहिले. एकाच खांबाचा ओतीव स्टँड जमिनीत बोल्ट गाडून बसवला तर उत्तम, पण खोलीच्या त्या भागात फरशीखालून पाण्याचा पाइप जातो आणि तिथे भोक पाडण्याची कोणाची तयारी नव्हती. शिवणयंत्राचा जुना ओतीव सांगाडा मेहुण्यांकडे होता. तो दिसायला दणकट, पण पुढून मागे अरुंद आणि त्याचे दोन पाय एकमेकांना फक्त मागच्या बाजूच्या एका फुलीने बांधलेले. ज्या कामासाठी तो केला गेला त्याला ते पुरते, याला नाही. गाडीच्या चाकाच्या रिमवर पाइप वेल्ड करून, रिममध्ये काँक्रीट भरून केलेला स्टँड मी ग्राइंडरसाठी अनेक ठिकाणी पाहिला आहे आणि तो चांगला चालतो; डोक्यात वजन असलेल्या यंत्राला मात्र रिमच्या त्रिज्येएवढाच आधार सगळ्या बाजूंनी मिळतो, तो कमी पडला असता. लाकडाचा विचार मी गांभीर्याने केला होता, कारण लाकूड थरथर चांगली मुरवते, परंतु दमट हवेत फुगून आणि कोरड्यात आकसून त्याचे बोल्ट सैल होतात, शिवाय जाड सरळ खांब मिळणेही आले.

शेवटी ४० बाय ४० बाय ५ मिलिमीटरच्या लोखंडी अँगलची, म्हणजे काटकोनात दुमडलेल्या आकाराच्या पट्टीची, चौकट ठरली. हा अँगल मीटरला साधारण ३ किलो भरतो. ७० सेंटिमीटर उंचीचे चार पाय, वर आणि खाली ७० बाय ६० सेंटिमीटरची एकेक चौकट, मिळून ८ मीटर, म्हणजे २४ किलो. मेहुण्यांना वेल्डिंग येत नाही, म्हणून सगळे जोड बोल्टचे केले आणि प्रत्येक कोपऱ्यात दोन दोन बोल्ट घेतले, कारण एकाच बोल्टचा जोड बिजागरीसारखा वळतो. मागे आणि दोन्ही बाजूंना २५ बाय ५ मिलिमीटरच्या पट्ट्यांची फुली मारली. या पट्ट्या बारीक दिसतात म्हणून मेहुणे साशंक होते. पण फुलीतली एक पट्टी नेहमी ताणात असते आणि ताणात पातळ पट्टीही पुष्कळ बल पेलते. जाड पाय आणि फुली यांतून एकच निवडायचे झाले तर मी डोळे मिटून फुली निवडेन. खालची चौकट जमिनीपासून १० सेंटिमीटर वर घेतली, म्हणजे उभे राहताना पायाची बोटे तिच्याखाली जातात. वर १८ मिलिमीटरचे दोन प्लाय एकमेकांना चिकटवून ३६ मिलिमीटरची फळी केली, सुमारे १० किलोची. खालच्या चौकटीत फळी टाकून तिच्यावर ५० किलो वाळू ठेवली; वाळू एका लिटरला साधारण १.६ किलो भरते, तेव्हा ३० लिटरच्या आसपास जागा तिला पुरली.

पुन्हा हिशेब केला. यंत्र, चौकट, पट्ट्या, फळी आणि वाळू मिळून १२९ किलो. पायाची लहान बाजू ६० सेंटिमीटर, म्हणून अर्धी ३०. डोक्यापाशी पाय उचलण्यासाठी लागणारी ओढ १२९ गुणिले ३० भागिले १४०, म्हणजे साडेसत्तावीस किलोच्या वर, आधीच्या चौपट. एकत्रित गुरुत्वमध्य ५६ सेंटिमीटरवर उतरला आणि कलण्याची मर्यादा साडेदहा अंशांवरून २८ अंशांवर गेली.

पायांच्या पातळीवरून मात्र आमचा वाद झाला. मेहुण्यांनी पातळी पाहायची पाणसळ आणली आणि फळी दोन्ही दिशांना तंतोतंत आडवी करायचा चंग बांधला. माझे म्हणणे असे होते, की फरशीच्या उताराने ७० सेंटिमीटरला एक सेंटिमीटर फरक पडतो आणि तेवढ्याने गुरुत्वमध्य फक्त आठ मिलिमीटर बाजूला जातो; अर्धी रुंदी ३० सेंटिमीटर असताना त्याचे काही वाटायला नको. भोक काटकोनात पडते की नाही हे ड्रिलचे टेबल आणि बिट धरणारा फिरता दांडा यांच्यातल्या कोनावर ठरते, फरशीवर नाही. महत्त्वाचे हे की चारही पाय टेकले पाहिजेत. "पण गोल वस्तू ठेवली की घरंगळणार," असे ते म्हणाले, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. १२ मिलिमीटरचे चार बोल्ट उलटे लावून, पातळी साधून, लॉक-नट आवळले. त्यात दोघांचेही समाधान झाले. कागदाची पट्टी आता एकाही पायाखाली जात नव्हती.

ग्राइंडर याच फळीच्या दुसऱ्या टोकाला बसवावा, असा मेहुण्यांचा आग्रह अखेरपर्यंत होता. जागा वाचली असती आणि १८ किलो वजनाची भरही पडली असती. मी तो मानला नाही, तो मुख्यतः धुळीमुळे. ग्राइंडिंगची धूळ म्हणजे चाकाचे झडलेले कण आणि लोखंडाचे कण. ती ड्रिलच्या खांबावर आणि फिरत्या दांड्याच्या सरकत्या भागात बसली तर घासकागदाचे काम करते.

तीन महिन्यांनंतर

तीन महिन्यांनी मी पुन्हा तपासणी केली, तेव्हा ताणकाट्याच्या ओढीला ड्रिलचा स्टँड सुरुवातीच्या दीड मिलिमीटरऐवजी अडीच मिलिमीटर सरकत होता. अँगलचे जोड घट्ट होते. सैल झाले होते ते फळीचे आणि ड्रिलच्या तळाचे बोल्ट, कारण प्लाय दाबाखाली हळूहळू चेपला जातो आणि बोल्टचा ताण उतरतो. त्यांच्याखाली मोठ्या व्यासाचे जाड वॉशर घातले, नायलॉनची कडी असलेले नट लावले, आणि आवळून झाल्यावर प्रत्येक नटावरून खालच्या वॉशरवर रंगाची एक सरळ रेघ ओढली. नट फिरला की रेघ तुटते आणि पाना न घेता नुसत्या नजरेने कळते.

वाळूची एक पिशवी फाटून खालच्या फळीवर सांडली होती. ती वाळू पुरेशी वाळवलेली नव्हती. जिथे ती अँगलला चिकटून होती तिथे तांबूस गंज दिसू लागला होता. वाळू उन्हात पसरून वाळवली, गंज घासून रंग लावला आणि यावेळी जाड प्लास्टिकच्या डब्यांत ती भरून झाकणे चिकटवली.

ग्राइंडरच्या पायांभोवतीची खडूची रेघ तीन महिन्यांत पुसट झाली होती, पण पाय तिच्यावरच होते. व्हाइस मात्र अजून बसवायचा आहे. तिन्ही यंत्रांत तो सर्वांत हलका आणि आडवा जोर मात्र त्याच्यावरच सर्वांत जास्त येतो, म्हणून तो कोणत्याच सुट्या स्टँडवर न ठेवता भिंतीला पक्क्या केलेल्या बाकावर, बाकाच्या पायाच्या बरोबर वर, जबड्यांची कड मेहुण्यांच्या कोपराच्या उंचीला येईल असा बसवायचे ठरले आहे. बाकाचे माप घेऊन झाले आहे आणि भिंतीतली वायर कुठून जाते हे पाहायचे राहिले आहे.